भटक्या प्राण्यांचे निवारे कसे चालतात आणि कुठे अडतात

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवावीत आणि पुन्हा रस्त्यावर सोडू नयेत, असा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडावीत, मात्र रेबीज झालेली, तसा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री आत ठेवावीत, असे या खंडपीठाने सांगितले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आला.

या तीनही आदेशांवर घरोघरी वाद झाले, पण त्या वादांत ‘निवारा’ हा शब्द असा वापरला गेला की जणू चार भिंती आणि एक छप्पर उभे केले की प्रश्न मिटतो. निवारा चालवणाऱ्या माणसाला विचारले, तर तो भिंतींच्या आधी दिवसांबद्दल बोलेल. प्राणी आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत किती दिवस लागतात, यावर त्याच्या कामातील जवळजवळ सगळे काही अवलंबून असते. ते का, हे या लेखात पाहू.

एकाच पाटीमागची चार कामे

आपल्याकडे प्राण्यांसाठी काम करणाऱ्या कोणत्याही जागेला सरसकट निवारा म्हटले जाते. प्रत्यक्षात तिथे चार वेगळी कामे चालतात आणि त्यांची गल्लत झाली की अपेक्षाही चुकतात.

सर्वांत जुना प्रकार पांजरपोळीचा. मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या इंग्रजी मोहिमेविरुद्ध पारशी रहिवासी रस्त्यावर उतरले आणि दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ ही संस्था उभी राहिली. आलेला प्राणी मरेपर्यंत सांभाळायचा, ही पांजरपोळीची मूळ कल्पना आहे, त्यामुळे तिथून बाहेर जाण्याचा विचार तिच्या रचनेतच नाही. दुसरा प्रकार दवाखान्याचा. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्थेचे परळ येथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणता येईल.

तिसरा प्रकार निर्बीजीकरण केंद्राचा. निर्बीजीकरण म्हणजे नर किंवा मादीला पिल्ले होऊ नयेत म्हणून केलेली शस्त्रक्रिया. त्यासाठीचे केंद्रीय नियम प्रथम २००१ मध्ये आले आणि १० मार्च २०२३ रोजी त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या केंद्रात कुत्रे काही दिवसच राहते. शस्त्रक्रिया होते, रेबीजची लस टोचली जाते, ओळख म्हणून कानाला खाच पाडली जाते आणि जखम भरली की त्याला त्याच्या जुन्या गल्लीत सोडले जाते. चौथा प्रकार पुनर्वसनाच्या निवाऱ्याचा, म्हणजे जो प्राणी रस्त्यावर तग धरू शकत नाही त्याला बरे करून घर मिळवून देणारी जागा. या लेखाचा विषय मुख्यतः हा चौथा प्रकार आहे. (जखमी घुबड, पोपट किंवा माकड यांपैकी कशातही बसत नाही. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे वन विभागालाच कळवावे लागते. बरा झालेला पोपट घरी ठेवून घेणे हाही गुन्हा आहे.)

आत आल्यावर पहिले दोन आठवडे

निवाऱ्यात कोणाला घ्यायचे, हा पहिला निर्णय असतो. गल्लीत खाऊन-पिऊन सुखी असलेले, शस्त्रक्रिया झालेले धडधाकट देशी कुत्रे हा निवाऱ्याचा उमेदवार नव्हे. आईविना सापडलेली पिल्ले, अपघातात कणा दुखावलेले कुत्रे, जखमेत किडे पडलेले म्हातारे मांजर, मालकाने गाडीतून आणून सोडलेला लॅब्राडोर किंवा हस्की यांची गोष्ट वेगळी असते. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्ता ओलांडणे, उकिरड्यावर अन्न शोधणे किंवा दुसऱ्या टोळीपासून दूर राहणे यांतले काहीच येत नसल्याने ते फार दिवस टिकत नाही. पाळीव प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला आजही दंड दहा ते पन्नास रुपयेच आहे. कायद्याची ही रक्कम पाहिल्यावर निवाऱ्यांच्या फाटकाशी बांधून ठेवलेल्या कुत्र्यांचे आश्चर्य वाटेनासे होते.

आत घेतलेल्या प्राण्याला लगेच इतरांत मिसळू दिले जात नाही. कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा पार्व्हो हा जुलाब-उलट्यांचा विषाणूजन्य आजार संसर्गानंतर साधारण तीन ते सात दिवसांत दिसू लागतो, तर डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा विषाणूजन्य आजार दिसायला एक-दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजे आज खेळताना दिसणारे पिल्लू चौथ्या दिवशी आडवे पडू शकते आणि तोपर्यंत त्याने आजूबाजूच्या दहा पिल्लांना रोग दिलेला असतो. म्हणून नव्याने आलेल्यांना सुमारे दोन आठवडे वेगळे ठेवतात आणि आजारी पडलेल्यांसाठी त्याहून वेगळी, तिसरी जागा राखतात. झाडलोट करणारा माणूसही आधी निरोगी पिल्लांकडे, मग मोठ्यांकडे आणि शेवटी आजाऱ्यांकडे जातो. हा क्रम उलटला, तर त्याच्याच चपलांना चिकटून रोग सगळ्या निवाऱ्यात फिरतो.

घराघरांत वापरले जाणारे फिनाईल इथे फारसे कामाचे नाही. पार्व्होचा विषाणू त्याने मरत नाही आणि मातीत तो कित्येक महिने टिकतो. शिवाय फिनाईलमधील द्रव्ये मांजरांना विषारी असतात. म्हणून आधी विष्ठा आणि घाण पूर्ण धुऊन काढायची, मग योग्य प्रमाणात पातळ केलेले ब्लीच लावायचे आणि ते काही मिनिटे तसेच राहू द्यायचे, अशी पद्धत असते. घाणीवरच ओतलेले ब्लीच वाया जाते.

लसीकरणातही एक अडचण आहे. पिल्लाला आईच्या चिकातून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती पहिल्या काही आठवड्यांत लसीलाच निष्प्रभ करू शकते आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. त्यामुळे सहा-आठ आठवड्यांपासून सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत, दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते. ‘एक इंजेक्शन झाले, आता न्या’ असे निवारा का म्हणत नाही, याचे हे एक कारण आहे.

पंगतीचे गणित

लग्नघरी एका वेळी शंभर पाने मांडता येत असतील, तर दिवसभरात किती माणसे जेवतील हे केवळ पानांच्या संख्येवर ठरत नाही, ते पंगत किती वेळात उठते यावर ठरते. पंगत रेंगाळली की मांडवाबाहेर पाहुणे ताटकळतात आणि आणखी पाने मांडूनही फारसा फरक पडत नाही, कारण वाढपी तेवढेच असतात.

निवाऱ्याचे गणितही असेच आहे. समजा, एका निवाऱ्यात रोज सरासरी तीन प्राणी येतात आणि प्रत्येक जण सरासरी साठ दिवस राहतो. तर कोणत्याही दिवशी तिथे तीन गुणिले साठ, म्हणजे १८० प्राणी असतील. मुक्काम तीस दिवसांवर आणता आला, तर हीच संख्या ९० होते. येणारे प्राणी कमी झालेले नाहीत, कोणाला नकार दिलेला नाही, तरी गर्दी निम्म्यावर येते. गर्दी घटली की रोग कमी पसरतो, रोग घटला की प्राणी लवकर बरे होतात आणि लवकर बरे झाले की मुक्काम आणखी घटतो. हे चक्र उलट दिशेनेही तितक्याच वेगाने फिरते. दयेपोटी क्षमतेबाहेर प्राणी घेत गेलेला निवारा काही महिन्यांत रोगाचे केंद्र बनतो, तो याच कारणाने.

म्हणून चांगला निवारा रोज एक साधा प्रश्न विचारत फिरतो: हा प्राणी आज इथे का आहे? शस्त्रक्रियेची तारीख मिळाली नाही म्हणून, फोटो काढायचे राहिले म्हणून, की खरोखर उपचार चालू आहेत म्हणून? खरजेने केस गेलेल्या कुत्र्याला बरे व्हायला काही आठवडे लागतात. कुत्र्यांमध्ये मीलनातून पसरणाऱ्या गुप्तांगाच्या गाठींना आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीन या औषधाची इंजेक्शने द्यावी लागतात आणि बहुतेक कुत्री त्यांनी पूर्ण बरी होतात. हे दिवस टाळता येत नाहीत. फोटो राहिल्यामुळे गेलेले दिवस टाळता येतात.

मग सगळीच कुत्री आत का ठेवू नयेत?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो घेणारे सगळेच प्राणिद्वेष्टे नसतात. ज्यांच्या मुलाला कुत्रे चावले आहे, त्यांना ‘कुत्रे परत तिथेच सोडणार’ हे वाक्य ऐकवत नाही. पण त्याचा हिशेब मांडून पाहावा. अमेरिकेतील निवारा-व्यवस्थापनात एक जुना संकेत आहे: एका प्राण्याची जागा साफ करणे आणि त्याला खाऊ-पिऊ घालणे यांसाठी दिवसाला किमान पंधरा मिनिटे धरावीत. त्यात उपचार नाहीत, फिरवणे नाही. ११ ऑगस्टच्या आदेशात सुरुवातीला सहा ते आठ आठवड्यांत सुमारे ५,००० कुत्र्यांची सोय करण्याची अपेक्षा होती. ५,००० कुत्र्यांना पंधरा मिनिटे म्हणजे दिवसाला १,२५० तास, म्हणजे आठ तासांच्या पाळीचे १५६ कर्मचारी, सुट्ट्या न धरता आणि केवळ झाडलोट व जेवणासाठी. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली होती आणि त्यांपैकी पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात होती.

त्याहून मोठी अडचण मुक्कामाची आहे. देशी कुत्रे दहा-बारा वर्षे सहज जगते. बाहेर जाण्याचा मार्गच नसेल, तर मुक्काम साठ दिवसांचा न राहता काही हजार दिवसांचा होतो आणि वरच्या गणितात तो आकडा घातला की कोणतीही जागा पहिल्या काही महिन्यांतच भरते. त्यानंतर उचललेल्या कुत्र्याला ठेवायचे कुठे, हा प्रश्न तसाच उरतो. इकडे ज्या गल्लीतून कुत्री नेली तिथला कचरा आणि मटणाच्या दुकानामागचे तुकडे जागेवरच असतात, म्हणून शेजारच्या भागातील, शस्त्रक्रिया न झालेली कुत्री तिथे येऊन वसतात.

भीती, भुंकणे आणि पुठ्ठ्याचा खोका

आजार दिसतो, ताण दिसत नाही. निवाऱ्यात आलेले कुत्रे कोपऱ्यात तोंड खुपसून बसले, की लोक त्याला गरीब म्हणतात आणि दात विचकले की आक्रमक. बहुतेकदा दोन्ही वागणुकी भीतीच्याच असतात. शंभर कुत्र्यांचा आवाज, अनोळखी वास आणि समोरच्या जाळीतून सतत दिसणारे दुसरे कुत्रे यांमुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेली स्वभावपरीक्षा फारशी विश्वसनीय ठरत नाही. म्हणून अनुभवी कर्मचारी पिंजऱ्यासमोर डोळ्यांत डोळे घालून उभा न राहता बाजूला वळून बसतो, काही न बोलता खाऊ सरकवतो आणि निघून जातो. हे दिवसातून अनेकदा झाले की कुत्रेच जाळीशी येऊ लागते.

मांजराच्या बाबतीत उपाय जवळजवळ फुकटचा आहे. नेदरलँड्समध्ये २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोका दिला, काहींना दिला नाही. खोका मिळालेल्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच उतरला, बाकीच्यांना बराच जास्त वेळ लागला. ताणलेल्या मांजराला सर्दी आणि डोळ्यांचे आजार लगेच जडतात, त्यामुळे हा खोका औषधाचाही खर्च वाचवतो. किराणा दुकानातले रिकामे खोके निवाऱ्याला देण्यासारखी उपयुक्त देणगी थोडीच असेल.

डोळे न उघडलेली पिल्ले

सर्वांत नाजूक गट नवजातांचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही, म्हणून गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची आणि मगच दूध. उलट केले तर दूध पचत नाही, कधी फुफ्फुसांत जाते. गायीचे दूध मांजराच्या पिल्लांना जुलाब लावते, त्यांच्यासाठी वेगळी दूध पावडर मिळते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, पाजावे लागते आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पोटाखाली पुसून लघवी-शी करवावी लागते, कारण एरवी हे काम आईच्या जिभेचे असते.

एवढे काम निवाऱ्यातले मोजके कर्मचारी करू शकत नाहीत. म्हणून अशी पिल्ले काही आठवड्यांसाठी स्वयंसेवकांच्या घरी दिली जातात. याला सर्वत्र ‘फॉस्टर’ म्हणतात. त्याचा दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. कुत्र्याचे पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात आणि मांजराचे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या गोष्टी पाहते, त्यांना ते आयुष्यभर कमी घाबरते. कुकरची शिट्टी, मिक्सर, लहान मुले आणि दारावरची बेल या काळात ओळखीची झाली, तर पुढे त्याला घर मिळणे आणि टिकणे दोन्ही सोपे होते. ज्यांना प्राणी कायमचा ठेवता येत नाही त्यांच्यासाठी हे काम योग्य आहे. मात्र फॉस्टर म्हणून नेलेले पिल्लू परत द्यायला बहुतेकांना जड जाते, ही या व्यवस्थेची गोड गळती आहे.

घर देताना एवढ्या चौकशा कशाला?

‘रस्त्यावरचेच तर कुत्रे आहे, फुकट न्यायला तयार आहोत, तरी आमची मुलाखत घेतात’ ही तक्रार नेहमीची आहे आणि काही ठिकाणी ती खरीही असते. नोकरी करणाऱ्या किंवा भाड्याने राहणाऱ्या माणसाला सरसकट नकार देणारे निवारे आपलाच मुक्काम वाढवून घेतात. पण चौकशीमागचे प्रश्न साधे असतात. घरातल्या सगळ्यांची संमती आहे का? आजोबांना दमा आहे का? घर भाड्याचे असेल, तर घरमालकाला माहीत आहे का? सहाव्या मजल्यावरच्या खिडक्यांना जाळी आहे का, कारण मांजरे खिडकीतून पडतात. कुत्रे फाटकाशी साखळीने बांधून राखणीला ठेवायचे आहे का, कारण तसे असेल तर बहुतेक निवारे नकार देतात. दत्तक देण्याआधी शस्त्रक्रिया करून घेण्याचा आग्रहही यासाठीच असतो. नाहीतर आज दिलेल्या एका मादीची सहा पिल्ले वर्षभरात पुन्हा त्याच दारात येतात. २२ ऑगस्टच्या आदेशानेही महापालिकेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली, मात्र दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली.

घरी गेल्यावर काय होते, याचा या क्षेत्रात एक ढोबळ अंदाज सांगतात: तीन दिवस भेदरलेपण, तीन आठवडे घराची शिस्त कळायला आणि तीन महिने ते घर आपले वाटायला. परत आणून दिले जाणारे प्राणी अनेकदा पहिल्या काही दिवसांतच परत येतात, ‘जेवत नाही’, ‘पलंगाखालून निघत नाही’ अशा कारणांनी. म्हणून चांगले निवारे तिसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करतात. तरीही प्राणी परत आला, तर घेणाऱ्याला दोष न देता तो स्वीकारतात, कारण दोष दिला की पुढचा माणूस प्राणी परत आणण्याऐवजी महामार्गावर सोडून येतो.

दयामरण देतात का?

देतात. नियमांनुसार बरे होण्याची शक्यता नसलेल्या आजारात किंवा प्राणघातक जखमेत, पशुवैद्यांच्या निर्णयाने, वेदनारहित मरण देता येते. जागा नाही म्हणून निरोगी कुत्रे मारता येत नाही. कणा मोडलेल्या प्रत्येक कुत्र्याला हे लागू होतेच असे नाही. लघवी स्वतः होत असेल आणि वेदना आटोक्यात असतील, तर मागचे पाय गेलेली कुत्री चाकांच्या गाडीवर वर्षानुवर्षे जगतात. उलट बाजूने, केवळ आपल्याला सोडवत नाही म्हणून डिस्टेंपरच्या झटक्यांत तळमळणाऱ्या प्राण्याला आठवडेच्या आठवडे ठेवणे हीदेखील क्रूरताच आहे, असे या लेखकाचे मत आहे.

माणसांचे इतके प्रश्न असताना हा खर्च कशाला?

या प्रश्नाचे उत्तर भूतदयेपाशी न शोधता रेबीजपाशी शोधावे. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो आणि माणसाला तो बहुतांशी कुत्र्यांकडूनच होतो. गोव्यात राज्य सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने मिळून घरोघर आणि रस्तोरस्ती जाऊन कुत्र्यांना लस टोचली, चाव्यांची माहिती देण्यासाठी दूरध्वनीची सोय केली आणि शाळांतून मुलांना शिकवले. २०१३ ते २०१९ या काळाच्या प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे कुत्र्यांतील रेबीजचे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. यात लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की बहुतेक भटकी कुत्री जाळीने पकडून, लस देऊन, रंगाची खूण करून त्याच जागी मिनिटाभरात सोडली गेली. सार्वजनिक आरोग्याचे एवढे मोठे काम निवाऱ्याच्या पिंजऱ्यावाचून झाले. पिंजरे मोजकेच असतात. ज्याला पर्याय नाही त्याच्यासाठी ते मोकळे राहावेत, असे म्हणण्यामागे हाच अनुभव आहे.

ज्यांना बाहेरची वाट नाही

नोव्हेंबरच्या आदेशाने एक नवा गट तयार केला आहे. शाळा किंवा रुग्णालयाच्या आवारातून उचललेले कुत्रे शस्त्रक्रियेनंतरही त्याच जागी सोडायचे नाही. यांतील बरीच कुत्री प्रौढ, माणसाळलेली पण घराची सवय नसलेली असतील आणि दत्तक घेणारे बहुधा पिल्लू मागतात. एखाद्या नगरपालिकेने दिवसाला एकच असे कुत्रे आत घेतले आणि एकही बाहेर गेले नाही, तरी वर्षाला ३६५ होतात. हे काम पुनर्वसनाच्या निवाऱ्यावर लादले, तर त्याची पंगत कायमची अडते. ते पांजरपोळीचे काम आहे आणि त्याला स्वतंत्र जागा, कुत्र्यांना गटाने मोकळे फिरता येईल अशी अंगणे, म्हाताऱ्यांसाठी वेगळा औषधखर्च आणि दहा-बारा वर्षे पुरेल अशी तरतूद लागते.

त्याच आदेशात संस्थांनी आपापल्या आवाराला कुंपण घालावे आणि देखभालीसाठी जबाबदार अधिकारी नेमावा, असेही म्हटले आहे. बातम्यांत हा भाग मागे पडला. एखाद्या शाळेने भिंतीतले भगदाड बुजवले, मध्यान्ह भोजनाचे उष्टे झाकणाच्या डब्यात टाकले आणि रोज संध्याकाळी फाटक लावले, तर निवाऱ्यात येणाऱ्यांची संख्या तिथूनच कमी होते. एका कुत्र्याच्या दहा वर्षांच्या सांभाळापेक्षा हे सगळे मिळून बरेच स्वस्त पडते.